फुकट मिळते त्याचा जमाखर्च

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक होती. विषयपत्रिकेवर नेहमीचेच विषय होते. छपराची कौले, मासिकांची वर्गणी, ग्रंथपालांचे मानधन. शेवटी ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात आम्ही एक सूचना मांडली. वाचनालयातील दोन्ही संगणकांवर आपण गेली काही वर्षे लिबरऑफिस नावाचे सॉफ्टवेअर वापरतो. पुस्तकांची यादी, सभासदांची नोंद, ठराव, पत्रव्यवहार सारे त्याच्यावर चालते. त्यासाठी आजवर आपण एक पैसाही दिलेला नाही. तरी यंदापासून वर्षाला हजार रुपये देणगी म्हणून पाठवावेत, अशी ती सूचना.

खजिनदार अण्णा म्हणजे हिशेबाला चोख माणूस. ते म्हणाले, “अहो गुरुजी, फुकट आहे म्हणूनच घेतलं ना ते आपण? मग फुकटाला पैसे कसले? आणि पाठवायचेच तर कुणाच्या नावानं? मालक कोण त्याचा?”

बैठकीत हशा पिकला आणि विषय पुढच्या खेपेला ढकलला गेला. पण अण्णांचा शेवटचा प्रश्न घरी पोहोचेपर्यंत डोक्यातून जाईना. मालक कोण? जगभर कोट्यवधी लोक जी वस्तू वापरतात, तिला मालक नसेल तर ती चालते कशी, आणि उद्या बंद पडली तर दाद कोणाकडे मागायची? सीमाभागात मराठी लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न परका वाटू नये. कारण आपण एकदा त्यातून गेलो आहोत.

१९९६ साली आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघाली. जुन्या शिक्षकांच्या आठवणी, गावातल्या पहिल्या शाळेची हकीकत, असा ऐवज तालुक्याच्या गावी संगणकावर टाईप करून घेतला होता. त्या काळी प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट वेगळा आणि अक्षरांचे संकेतांक वेगळे. फ्लॉपी आम्ही जपून ठेवल्या, नंतर त्यांतला मजकूर सीडीवर उतरवला. काही वर्षांपूर्वी तो उघडू गेलो तर पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. ती कंपनी उरली नव्हती, तिचा फॉन्ट नव्या संगणकावर चढत नव्हता. शेवटी छापील प्रत समोर ठेवून दहावीच्या मुलांनी तीन महिने खपून सगळे पुन्हा टाईप केले. पाच पाने मधूनच गळाली होती, ती गेली ती गेलीच.

आज युनिकोडमुळे ही अडचण बरीच दूर झाली आहे. तरी युनिकोडने अक्षराला फक्त क्रमांक मिळतो. ‘दऱ्या’ किंवा ‘सुऱ्या’ या शब्दांतला डोळ्याच्या पापणीसारखा र पडद्यावर नीट उमटवायला वेगळे सॉफ्टवेअर लागते. त्यातले एक हार्फबझ. हे नाव फारसी आहे. लिबरऑफिस, फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइडचे फोन हेच वापरतात. तेही मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचे मूळ लिखाण, सोर्स कोड, कोणालाही वाचता, उतरवता आणि बदलता येते असे. आपल्या मुलाने मामाला फोनवर पाठवलेले मराठी पत्र नीट दिसते, त्यामागे अशी कोणाकोणाची बिनबोभाट मेहनत असते.

नक्कल करायला खर्च नाही, म्हणून ते फुकट. पण मूळ लिहायला, चुका दुरुस्त करायला, नव्या संगणकावर चालते ठेवायला माणसे लागतात आणि माणसांना पोट असते. शिवाय माणसे एकत्र आली की तीन प्रश्न आलेच. निर्णय कोणी घ्यायचा, नाव कोणाच्या मालकीचे, आणि पेटीची किल्ली कोणाकडे. गावातली मंडळे नेमकी याच तीन प्रश्नांवर फुटतात. ही मंडळीही फुटली. त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

जर्मनीत स्टारऑफिस नावाचे सॉफ्टवेअर होते. १९९९ साली अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ते विकत घेतले आणि २००० साली त्याचा कोड जगाला खुला केला. त्याचे नाव ओपनऑफिस डॉट ऑर्ग. दहा वर्षे देशोदेशींच्या लोकांनी त्यावर काम केले, आपापल्या भाषा त्यात आणल्या. कोड सर्वांचा होता, पण नाव सन कंपनीचे, आणि कामाची सूत्रेही बव्हंशी तिच्याच हाती. स्वतंत्र संस्था काढण्याचे बोलणे वर्षानुवर्षे होत राहिले, झाले मात्र नाही. जोवर कंपनी चांगली वागत होती तोवर कोणाला घाई नव्हती. आमच्या वाचनालयाची जागाही अशीच एका सज्जनाच्या तोंडी शब्दावर तीस वर्षे चालली होती. ते गेल्यावर त्यांच्या मुलांपुढे हात जोडून बसावे लागले, ते आम्हालाच ठाऊक.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकल या बड्या कंपनीने सन विकत घेतली. नव्या मालकाचा या उद्योगात कितपत रस आहे, याची शंका काम करणाऱ्यांना आली. २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांतल्या अनेकांनी मिळून ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ स्थापन करीत असल्याचे जाहीर केले. ओरॅकललाही त्यांनी सामील होण्याचे आमंत्रण दिले आणि ओपनऑफिसचे नाव संस्थेला द्यावे अशी विनंती केली. तोवरच्या कामाला त्यांनी ‘लिबरऑफिस’ असे तात्पुरते नाव ठेवले. ओरॅकलने नाव दिले नाही. उलट ऑक्टोबरमध्ये जुन्या समुदायाच्या परिषदेत फाउंडेशनच्या लोकांनी राजीनामे द्यावेत अशी मागणी झाली. तात्पुरते नाव कायमचे झाले.

आमच्या गल्लीतले गणेश मंडळ फुटले तेव्हा मांडवाचे खांब, समया आणि पावतीपुस्तक जुन्या लोकांकडे राहिले, ढोल वाजवणारी पोरे नव्यांकडे गेली. इथेही तसेच घडले, फरक एवढाच की कोड दोघांनाही पूर्ण मिळाला. मुक्त परवान्याचे हे मोठे बळ. भांडण झाले तरी केलेले काम कोणी कुलपात ठेवू शकत नाही. पण नाव मिळत नाही आणि तिजोरी मिळत नाही. लिबरऑफिसची पहिली पक्की आवृत्ती, ३.३, जानेवारी २०११ मध्ये आली. त्याच वर्षी जूनमध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन या दुसऱ्या संस्थेच्या स्वाधीन केले. आज काम लिबरऑफिसवर होते, ओपनऑफिसच्या नव्या आवृत्त्या क्वचित निघतात. तरी नावाची पुण्याई अशी की, ऑक्टोबर २०२० मध्ये डॉक्युमेंट फाउंडेशनला जाहीर पत्र लिहून अपाचेवाल्यांना विनवावे लागले की, तुमच्याकडे येणाऱ्या लोकांना निदान आमचे अस्तित्व तरी सांगा. दहा वर्षे उलटली तरी लोक जुन्याच दारात उभे होते.

आता तिजोरीचे. नव्या संस्थेची नोंदणी होईपर्यंत जर्मनीतल्याच एका जुन्या नोंदणीकृत संघाने त्यांचे पैसे सांभाळले. जर्मन कायद्याप्रमाणे न्यास उभा करायला ५० हजार युरोंचे भांडवल हवे होते. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी लोकांना हाक दिली आणि आठ दिवसांत तेवढी रक्कम जमली. जगभरातून, लहानलहान देणग्यांनी. १७ फेब्रुवारी २०१२ रोजी बर्लिनमध्ये न्यासाची रीतसर नोंदणी झाली.

त्यांची घटना आम्ही मुद्दाम पाहिली, कारण समितीत बसून घटना चाळण्याची खोड लागली आहे. सभासदत्व पैशाने मिळत नाही, कामाने मिळते. निदान तीन महिने काही उपयोगी काम केलेले असावे आणि पुढे करीत राहण्याची तयारी असावी, मग अर्ज करायचा. काम म्हणजे केवळ कोड लिहिणे नव्हे. भाषांतर, चुका शोधणे, लोकांना शिकवणे हेही कामच. सभासदत्वाचे दरवर्षी नूतनीकरण. संचालक मंडळात सात सदस्य आणि त्यांना पर्यायी सदस्य, दर दोन वर्षांनी सभासदांच्या मतांनी निवड. एकाच कंपनीत नोकरी करणाऱ्यांना मंडळात एक-तृतीयांशाहून अधिक जागा नाहीत. कंपन्यांसाठी वेगळे सल्लागार मंडळ आहे. तिथे त्या वर्गणी भरतात आणि सल्ला देतात, मत मात्र त्यांना नाही. म्हणजे एखादी कंपनी लाख युरो देईल आणि खानापूर तालुक्यातली एखादी मुलगी तीन महिने मराठी भाषांतर करील, तर मताचा अधिकार त्या मुलीला मिळू शकतो, कंपनीला नाही. संख्येने किती, हा प्रश्न ऐकून ऐकून ज्यांचे कान किटले आहेत, त्यांनी या नियमाकडे जरा थांबून पाहावे.

हे वाचून कोणी असे समजू नये की तिथे भांडणे नाहीत. लिबरऑफिसचा कोड लिहिणारांतले बरेचसे जण काही छोट्या कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. या कंपन्यांची कमाई मोठ्या कार्यालयांशी देखभालीचे करार करून होते. पण मोठी कार्यालये हुशार! फुकट मिळते तर करार कशाला, असे म्हणून हजारो संगणकांवर ते तसेच चढवतात. अण्णांचाच युक्तिवाद, फक्त मोठ्या आकड्यात. म्हणून जुलै २०२० मध्ये नव्या आवृत्तीच्या चाचणीत ‘पर्सनल एडिशन’ अशी पाटी दिसली. हेतू हा की, कार्यालयांनी तरी पैसे मोजावेत. सभासद खवळले. मुक्त वस्तूला ‘वैयक्तिक’ म्हणायचे म्हणजे उद्या शाळेने वापरावी की नाही अशी शंका यायची. पाटी काढली गेली, पुढच्या वर्षी तिच्या जागी ‘कम्युनिटी’ हा शब्द आला. आमचे मत विचाराल तर दोन्ही बाजूंचे काहीतरी बरोबर होते. सप्टेंबर २०२२ पासून ॲपल संगणकाच्या दुकानात लिबरऑफिसला ८.९९ युरो किंमत लावली, संस्थेच्या स्वतःच्या जागेवरून मात्र ते पूर्वीसारखेच मोफत. कोणाला तरी हा मधला मार्ग सुचला, तो बरा वाटतो.

दुसरीकडे पैशाची हेळसांड झाली की काय होते, हे जगाने २०१४ साली पाहिले. आपण बँकेचे व्यवहार संगणकावर करतो तेव्हा मजकूर गुप्त ठेवण्याचे काम ओपनएसएसएल नावाचे मुक्त सॉफ्टवेअर अनेक ठिकाणी करते. एप्रिल २०१४ मध्ये त्यात एक चूक सापडली. तिला हार्टब्लीड असे नाव पडले. ती दोन वर्षे तिथे होती आणि कोणाच्या ध्यानात आली नव्हती. मग चौकशी झाली तेव्हा कळले की, निम्म्याहून अधिक जगाच्या कुलपांची किल्ली घडवणाऱ्या या मंडळींना वर्षाकाठी देणगी म्हणून सुमारे दोन हजार डॉलर मिळत, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस होता एक. कोणत्याही खेड्यातल्या यात्रा कमिटीची पावती याहून मोठी फाटते! त्यानंतर गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, आयबीएम अशा डझनभर कंपन्यांनी प्रत्येकी वर्षाला एक लाख डॉलर, तीन वर्षे देण्याचे कबूल केले. विहिरीत मूल पडल्यावर कठडा बांधला, पण बांधला.

दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, त्याहून विचित्र प्रकार उघडकीला आला. फाइली दाबून लहान करणारे एक्सझेड नावाचे छोटेसे साधन एक माणूस वर्षानुवर्षे एकट्याने, बिनपगारी सांभाळत होता. तो थकला होता, आजारपणाने त्रासला होता. काही अनोळखी लोक पत्रे लिहून त्याच्यावर दडपण आणू लागले की, तुला जमत नाही तर दुसऱ्याला दे. त्याच सुमारास मदतीला एकजण आला होता. दोन वर्षे इमाने इतबारे राबून त्याने विश्वास मिळवला, किल्ली मिळवली, आणि मग त्यात गुपचूप चोरवाट पेरली. पकडले ते योगायोगाने. मायक्रोसॉफ्टमधल्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपला संगणक दुसऱ्या संगणकात शिरताना अर्धा सेकंद जास्त घेतो आहे असे जाणवले, आणि त्याने खोदून पाहिले. तो मदतनीस कोण होता हे अद्याप उघड झालेले नाही. ज्या संस्थेत सेक्रेटरी, खजिनदार आणि झाडूवाला एकच माणूस असतो, त्या संस्थांत आम्ही आयुष्य काढले. अशा थकलेल्या माणसाला ‘मी करतो, तुम्ही विश्रांती घ्या’ म्हणणारा किती गोड वाटतो, हे आम्हाला कोणी सांगायला नको.

मग पैसा आणायचा कुठून? एकच मोठा दाता मिळाला तर सोय असते, पण दोरी त्याच्या हातात जाते. फायरफॉक्स करणाऱ्या मोझिलाचे बहुतांश उत्पन्न गूगल कंपनीकडून येत आले आहे. फायरफॉक्समध्ये शोधाची पहिली जागा गूगलला दिल्याबद्दलचे हे पैसे. म्हणजे ज्या क्रोमशी स्पर्धा, त्याच्याच मालकाकडून पोटगी. लिनक्स फाउंडेशनने वेगळी वाट धरली. मोठ्या कंपन्या वर्षाला लाखो डॉलर वर्गणी भरतात आणि त्यांचे प्रतिनिधी मंडळावर बसतात. पैशाची ददात नाही. मात्र सामान्य सभासदांना मंडळावर आपला प्रतिनिधी निवडून देण्याचा जो हक्क होता, तो २०१६ साली काढून घेतला गेला.

आणि सरकारी अनुदान? अनुदानित शाळेत नोकरी केलेल्या माणसाला याविषयी काही सांगू नये. पण पायथन या संगणकभाषेच्या मंडळींनी काय केले ते ऐका. पायथनची आधीची घडी मोठी गमतीची होती. तिचे जनक गिडो व्हान रॉसम यांना सगळे कौतुकाने ‘तहहयात दयाळू हुकूमशहा’ म्हणत. जुलै २०१८ मध्ये एका लहानशा चिन्हावरून इतका वाद माजला की हुकूमशहांनीच कंटाळून पद सोडले, आणि वारस नेमण्यास नकार दिला. तुमचे तुम्ही ठरवा, म्हणाले. लोकांनी अनेक आराखडे मांडले, मतदान घेतले आणि पाच जणांची निवडून दिलेली सुकाणू समिती आणली. एका मालकाकडे नोकरी करणारे दोनांहून अधिक सदस्य तिच्यात असू शकत नाहीत. या भाषेचा पैसा आणि नाव सांभाळणारी संस्था वेगळी आहे, पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन. तिचा वर्षाचा सगळा खर्च सुमारे ५० लाख डॉलरचा. २०२५ साली अमेरिकी सरकारच्या विज्ञान संस्थेकडून १५ लाख डॉलरच्या अनुदानाची शिफारस झाली. अर्जासाठी त्यांनी महिनोन्महिने खपून कागद केले होते. पण अटींत असे होते की, संस्थेने विविधता आणि समावेशकता वाढवणारे उपक्रम चालवू नयेत, आणि ही अट अनुदानाच्या कामापुरती नसून संस्थेच्या सगळ्या कामाला लागू. अट मोडल्याचे ठरले तर दिलेले पैसेही परत मागता येतील. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी अर्ज मागे घेतल्याचे जाहीर केले. हे वाचल्यावर जगभरातून लोकांनी लहानमोठ्या देणग्या पाठवल्या. त्या अनुदानाची जागा भरून काढणे सोपे नाही. पण ज्याला अनुदानापायी फलकावरची भाषासुद्धा गमवावी लागते, त्याला त्यांच्या निर्णयाची किंमत कळेल.

आम्हाला सर्वांत भावली ती डेबियनची व्यवस्था. १९९३ मध्ये इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने सुरू केलेला हा प्रकल्प. लिनक्सवर आधारलेली पूर्ण संगणक प्रणाली, हजाराच्या आसपास सभासद, देशोदेशी विखुरलेले, कोणी कोणाला पगार देत नाही. १९९८ पासून त्यांची लिखित घटना आहे. दरवर्षी प्रमुखाची निवडणूक. उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा आणि त्या यादीत ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हाही एक उमेदवार असतो. आपल्याकडे २०१३ पासून मतदान यंत्रावर तसे बटन आहे, पण ते दाबल्याने निकालात काही फरक पडत नाही. त्यांच्याकडे जो ‘कोणीही नाही’च्या मागे राहील तो उमेदवार बादच! प्रमुखाला हुकूम सोडता येत नाहीत, आणि सभासद ठराव करून त्याचा निर्णय फिरवू शकतात.

गंमत म्हणजे डेबियन ही स्वतः कुठे नोंदलेली संस्थाच नाही. १९९७ साली अमेरिकेत ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ नावाची धर्मादाय संस्था काढली, ती डेबियनचे पैसे आणि नाव सांभाळते. देणगीतले पाच टक्के कारभारासाठी ठेवून घेते, पण कामात ढवळाढवळ करीत नाही. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्येही त्यांचे पैसे सांभाळणाऱ्या संस्था आहेत, म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत नाहीत. लहान गटांना ही रीत सोयीची. प्रत्येकाने आपली नोंदणी, आपले लेखापरीक्षण, आपला वकील करण्यापेक्षा एका मोठ्या छत्रीखाली बसावे. मात्र छत्रीही फाटते. अमेरिकेतल्या ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने अशाच सहाशेहून अधिक गटांचे पैसे सांभाळण्याचे काम घेतले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने वर्षाअखेर आपण विसर्जित होत असल्याचे जाहीर केले, आणि त्या बिचाऱ्यांना नवे घर शोधावे लागले.

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण डेबियनचे २०२३ चे जागतिक संमेलन भरले ते कोचीला. केरळात ‘स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग’ ही नोंदणीकृत संस्था आहे. २००२ पासून तिथली मंडळी मलयाळमचे फॉन्ट करतात, मुक्त ठेवतात, भाषांतरे करतात. आपल्याच राज्याच्या राजधानीत, बंगळूरला, शेअर व्यवहारातल्या झिरोधा या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरच्या मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. मराठीतही भाषांतराचे काम हौशी लोकांनी केले आहे. त्यांची नावे कुठे झळकत नाहीत. आमच्या वाचनालयातल्या पडद्यावर मध्येच एखादी ओळ इंग्रजीत दिसते, तिथे पूर्वी आम्ही चिडत असू. हल्ली एवढेच मनात येते की, इथवर कोणीतरी आले होते आणि थांबले.

आपल्याकडे अशी संस्था काढायची तर मार्ग नेहमीचेच. सोसायटी नोंदवा, न्यास करा, किंवा २०१३ च्या कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखाली ना-नफा कंपनी करा. सोसायटीत सभासदांचे मत चालते, न्यासात विश्वस्तांचे. आम्ही सोसायटीच्या बाजूचे, कारण न्यासात विश्वस्त म्हातारे होतात आणि खुर्ची तशीच राहते. परदेशातून देणगी घ्यायची तर विदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तिचे खाते स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उघडावे लागते. बेळगावच्या शाखेत जाऊन भागत नाही.

या अभ्यासाची शिदोरी घेऊन आम्ही पुढच्या बैठकीला गेलो. मालक कोण, याचे उत्तर अण्णांना दिले. बर्लिनचा न्यास, आणि त्यामागे काम करणारे सभासद. अण्णांनी शांतपणे ऐकले आणि दुसराच मुद्दा काढला. “गुरुजी, वाचनालय धर्मादाय. त्याचा पैसा देशाबाहेर खर्च झाला तर आयकरवाले सवलतीवर बोट ठेवतील. ऑडिटर मला विचारील, तुम्हाला नाही.” यावर आम्ही निरुत्तर. कारण ते बरोबरच बोलत होते.

तेव्हा ठराव बदलला. वाचनालयाच्या नावाने पैसे पाठवायचे नाहीत. ज्याला वाटेल त्याने स्वतःच्या खिशातून पाठवावे. आम्ही आणि मुख्याध्यापकबाईंनी पाठवले. वाचनालयाने दर रविवारी दोन तास दोन्ही संगणक भाषांतरासाठी मोकळे ठेवावेत, असे मात्र एकमताने ठरले. ग्रंथपाल ताई, कॉलेजात जाणाऱ्या दोघी मुली आणि आम्ही, असे चौघे बसतो.

पहिल्याच रविवारी ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ म्हणावे की ‘साठवा’, यावर पाऊण तास गेला. मुली म्हणाल्या, जतन हा शब्द स्मारकाला शोभतो. ताई म्हणाल्या, पूर्वीच्या भाषांतरकारांनी जे योजले असेल तेच पाळावे, नाहीतर एकाच पडद्यावर दोन शब्द दिसतील. वर्तमानपत्र वाचायला आलेले अण्णा कोपऱ्यातून म्हणाले, “आमच्या घरी भात साठवतात.” मग खुर्ची ओढून तेही बसले. ‘टेम्प्लेट’वर अजून एकमत झालेले नाही. पुढच्या रविवारी तो विषय पहिला आहे.